चव्हाट्यावरचा खुरीस

मालवणाहून वेंगुर्ल्यास आणि वेंगुर्ल्याहून सावंतवाडीस जाणारा रस्ता ज्यानें कधीं दिवेलागणीच्या वेळीं तुडविला असेल, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट खचित राहिली असेल. या रस्त्यावर वळणावळणाला कांहीं ना कांहीं दैवत उभें आहे. कोठें वेतोबाचें देऊळ, कोठें पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला दगड, कोठें एखाद्या पिराचें थडगें. आणि याच ओळींत, नारळीच्या बागेच्या गडग्याला लागून, चुन्यानें रंगविलेला एक लहानसा क्रूस. इकडचे लोक त्याला 'खुरीस' म्हणतात. पोर्तुगीज 'क्रुझ' शब्दाला कोंकणी जिभेनें दिलेलें हें रूप आहे. खुरिसाच्या पायथ्याशीं मेणाचे थेंब गोठलेले दिसतात, आणि तेथें मेणबत्ती लावणारा हात प्रत्येक वेळीं ख्रिस्ती मनुष्याचाच असतो असें नाहीं. म्हैस हरवली, पोर तापानें फणफणलें, कोर्टांतली तारीख जवळ आली, कीं शेजारचा हिंदूहि तेथें येऊन नवस बोलून जातो. तेवढ्यानें त्यानें आपला धर्म सोडला असें कोणी म्हणत नाहीं, आणि खुरीस बाटला असेंहि कोणी म्हणत नाहीं.

श्रोतेहो, या लहानशा क्रूसाच्या निमित्तानें एका मोठ्या प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधावें असा आज माझा हेतु आहे. आपला धर्म चारचौघांत, उघड्यावर, भर रस्त्यांत प्रगट करण्याचा मनुष्याला कितपत अधिकार आहे? ज्या राज्यानें स्वतःला कोणताच धर्म लावून घेतलेला नाहीं, त्या राज्यांत या अधिकाराची मर्यादा कोणती? हा वाद आज जगभर चालू आहे. फ्रान्सनें १९०५ च्या कायद्यानें राज्य आणि चर्च यांची फारकत केली, आणि २००४ सालीं सरकारी शाळांतून धर्माचीं ठळक चिन्हें अंगावर घालून येण्यास विद्यार्थ्यांना मनाई केली. इटलींत शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या क्रूसाचा तंटा थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ सालीं तेथील मोठ्या खंडपीठानें क्रूस भिंतीवर ठेवण्यास हरकत नाहीं असा निकाल दिला. परंतु युरोपांतला हा वाद ज्या घरांत चालला आहे, त्या घरांत ख्रिस्ती धर्म एके काळीं यजमान होता. यजमानानें आतां ओसरीवर बसावें कीं माजघरांत, एवढाच तेथें प्रश्न आहे. आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट निराळी. येथें हा धर्म मूठभर लोकांचा. आणि त्याला सर्वांत मोठी अडचण कोणी केली असेल, तर ती परधर्मी राजानें नव्हे. ही गोष्ट सांगण्यासाठींच मला आपल्याला पावणेचारशें वर्षें मागें न्यावयाचें आहे.

गोव्यांतील दिवाडी बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेल्या घराण्यांत एक मुलगा जन्मला. त्याचें नांव मातेउश द कास्त्रो. पण घराण्याचें जुनें आडनांव महाले, आणि तेंहि त्याच्या नांवामागें इतिहासांत टिकून राहिलें आहे. हा मुलगा बार्देशांतील रेइश मागुश येथें फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या शाळेंत शिकला. बुद्धि तल्लख होती. आपण धर्मगुरु व्हावें असें त्याच्या मनानें घेतलें. परंतु गोव्याच्या तत्कालीन आर्चबिशपांनीं कोणाहि एतद्देशीयाला दीक्षा द्यावयाची नाहीं असा निश्चयच केला होता. बाप्तिस्मा सर्वांना खुला. वेदीवर उभें राहण्याचा मान मात्र गोऱ्यांचा! आपल्या इकडे सोंवळ्याओंवळ्याचे भेद कांहीं थोडे नव्हते, पण ते मोडण्याचें वचन देऊन आलेल्या धर्मानें सीमेवर पाय ठेवतांच स्वतःचें सोंवळें नेसावें, हें मोठें विलक्षण खरें.

हा तरुण स्वस्थ बसला नाहीं. तो खुष्कीच्या मार्गानें निघाला आणि १६२५ च्या सुमारास रोमला जाऊन पोंचला. त्याचें दैव बलवत्तर म्हणावयाचें, कारण तीनच वर्षांपूर्वीं, १६२२ सालीं, पोपनें धर्मप्रसाराचें एक नवें खातें उघडलें होतें. या खात्याचे चिटणीस इंगोली नांवाचे गृहस्थ होते. प्रत्येक देशांत त्या देशाचेच धर्मगुरु असावेत, परदेशी राजाच्या जहाजांतून उतरलेला धर्म त्या राजाच्या जहाजाबरोबरच परत जाईल, असें त्यांचें मत होतें. त्यांना असा विद्वान हिंदी तरुण हवाच होता. मातेउश रोमला शिकले, तेथेंच त्यांना दीक्षा मिळाली, आणि १६३३ सालीं ते पाद्री होऊन गोव्यास परत आले.

आतां पुढचा प्रसंग समजण्यासाठीं एक संस्था समजून घेतली पाहिजे. तिला पोर्तुगीज भाषेंत 'पाद्रुआदो' म्हणत. अर्थ एवढाच, कीं पूर्वेकडील चर्चचा खर्च पोर्तुगालच्या राजानें सोसावा, आणि त्याच्या मोबदल्यांत बिशप नेमण्याचा हक्क राजाला असावा. पोपचें पत्र असलें तरी तें लिस्बनची मोहोर घेऊन आल्यावांचून गोव्यांत चालत नसे. देवळाच्या उत्पन्नावर हक्क सांगणारा खोत आपण पाहिला आहे. त्याचें हें मोठें दर्यापारचें रूप समजावें. मातेउश यांचीं कागदपत्रें थेट रोमहून आलेलीं. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं तीं मानण्याचें नाकारलें. हा गृहस्थ पुन्हां रोमला गेला. या खेपेला १६३७ सालीं पोपनें त्यांना बिशपच केलें. लॅटिन विधीच्या चर्चमध्यें बिशप झालेले हे पहिले हिंदी गृहस्थ होत.

पण बिशप कोठला? गोव्यांत तर पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. रोमनें युक्ति काढली. पोर्तुगीजांच्या हद्दीच्या पलीकडे जो मुलूख आहे, तो त्यांच्या स्वाधीन केला. त्या मुलखाचें नांव कागदांत 'इदालकांव' असें आहे. या विचित्र नांवाचा उलगडा सोपा आहे: आदिलखान, म्हणजे विजापूरचा आदिलशहा. त्या काळीं डिचोलीपासून वरचा बांदें, वेंगुर्लें हा सारा प्रांत विजापूरच्या अमलाखालीं होता. बिशप महाले यांनीं डिचोलीस मुक्काम केला. गोव्याची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर. आणि मुहम्मद आदिलशहाच्या राज्यांत त्यांनीं तीन ठिकाणीं चर्च उभारलीं: डिचोलीस, बांद्यास आणि वेंगुर्ल्यास. यांतलीं दोन गांवें आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतलीं.

येथें क्षणभर थांबावें असें मला वाटतें. ख्रिस्ती राजाच्या राज्यांत ज्या ख्रिस्ती बिशपाला वेदीवर चढतां येईना, त्याला मुसलमान सुलतानाच्या राज्यांत चर्च बांधण्याची परवानगी मिळाली. घंटा वाजवावयाची ती हद्दीच्या या अंगाला. त्या अंगाला वाजविली तर ती बेकायदा! यावरून आदिलशहा मोठा उदारमतवादी होता असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. पोर्तुगीजांच्या घशांत अडकणारें हाड म्हणूनच बहुधा त्यानें या बिशपाला आश्रय दिला असेल. राजकारणाचे हिशेब असेच असतात. परंतु हेतु कांहींहि असो, परिणाम मोठा होता. सुलतानाला त्यांच्या प्रार्थनेंत कांहींच रस नव्हता. म्हणूनच त्या प्रार्थनेची भाषा कोणती, ती सांगणारा कोणत्या कातडीचा, त्याच्या पत्रावर कोणाची मोहोर, हे प्रश्न त्याला पडले नाहींत.

वेंगुर्ल्यास तर आणखी एक गंमत होती. ज्या १६३७ सालीं महाले बिशप झाले, त्याच सालीं डच कंपनीनें वेंगुर्ल्यास आपली वखार घातली. ती पडकी वखार आजहि तेथें उभी आहे. हे डच प्रॉटेस्टंट, आणि पोर्तुगीजांचे कट्टे शत्रु. सिंहलद्वीपांत सत्ता हातीं येतांच याच डचांनीं कॅथोलिक उपासनेवर बंदी घातली. ती इतकी कडक, कीं १६८७ सालीं गोव्याचे फादर जुझे वाझ तेथें गेले ते भिकाऱ्याच्या वेषांत, आणि रात्रीं लपूनछपून लोकांना प्रार्थना सांगत फिरले. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं कोलंबो येथें त्यांना संतपद दिलें. पण वेंगुर्ल्यास हेच डच निमूट मिरीचा व्यापार करीत, कारण तेथें ते केवळ भाडेकरू होते. राज्य हातीं नसलें कीं माणूस दुसऱ्याचा धर्म सहन करावयास किती लवकर शिकतो!

बिशप महाले यांना मी कांहीं संत म्हणून आपणांपुढें उभें करीत नाहीं. ते तापट होते, जातीचा अभिमान त्यांना बाप्तिस्म्यानेंहि सोडला नव्हता. १६५३ सालीं त्यांनीं 'ब्राह्मणांचा आरसा' अशा अर्थाच्या नांवाचें एक प्रकरण लिहून गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्ती मंडळींना पोर्तुगीजांविरुद्ध उठविण्याचा यत्न केला. इतर जातींच्या ख्रिस्ती बांधवांची आठवण त्यांत त्यांना फारशी झाली नाहीं. पुढच्याच वर्षीं विजापूरचें सैन्य गोव्यांत शिरलें, तेव्हां त्यामागें बिशपांचें आणि डचांचें संगनमत आहे असा पोर्तुगीजांनीं आरोप केला, आणि तो अगदींच निराधार होता असें इतिहासकारांना वाटत नाहीं. पुढें ते रोमला गेले आणि १६७७ सालीं तेथेंच वारले. त्यांच्या मागून त्यांची गादी मात्र राहिली. तिचा अधिकार पुढें मोंगलांच्या मुलखापर्यंत वाढला, आणि १७२० सालीं इंग्रजांच्या आश्रयानें ती मुंबईस आली. मुंबईच्या आजच्या आर्चबिशपांचें पीठ आपला वंशवृक्ष मागें शोधीत गेलें, तर त्याचें मूळ या आदिलशाही मुलखांतल्या बिशपांपाशीं येऊन ठेपतें. मुंबईच्या किती ख्रिस्ती घरांतून ही गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे.

आतां हद्दीच्या पलीकडे काय चाललें होतें तें पाहूं. महाले तरुण होते त्या काळांत सासष्टीच्या रायतूर येथें फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट राहत होते. १५७९ सालीं ते गोव्यास आले ते पुन्हां मायदेशीं गेलेच नाहींत. आपल्या लोकांची भाषा शिकून त्यांनीं 'ख्रिस्तपुराण' रचिलें, तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आपल्या जुन्या पुराणांच्या वळणानेंच त्याची मांडणी केली आहे: श्रोते प्रश्न विचारतात, पाद्री उत्तर देतात, आणि कथा ओवीच्या चालीवर पुढें सरकते. इंग्लंडांत जन्मलेल्या माणसानें मराठीची जी स्तुति त्यांत केली आहे, ती आपल्या शाळांतून मुलें आज पाठ म्हणतात. ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणश्रवणाची आठवण येत होती. त्यांची ती भूक या ग्रंथानें भागविली. रविवारीं चर्चमध्यें, सणावारीं घरच्या ओसरीवर तो गायिला जाई. धर्म नवा होता, पण गळा जुनाच राहिला.

मग १६८३ च्या हिवाळ्यांत संभाजीराजांची स्वारी गोव्यावर आली. पोर्तुगीजांची गाळण उडाली. राजधानी थोडक्यांत वांचली. संकट टळल्यावर भ्यालेल्या राज्यकर्त्याला घरांतल्याच माणसांचा संशय येऊं लागतो. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यांनीं हुकूम काढला कीं लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें, आणि त्यासाठीं तीन वर्षांची मुदत दिली. पन्नास वर्षांनंतर, १७३६ सालीं, इन्क्विझिशननें दुसरा जाहीरनामा काढला. ख्रिस्ती घरापुढें तुळस नको, पुरुषानें धोतर नेसूं नये, लग्नांत देशी गाणीं गाऊं नयेत, विडासुपारी वांटूं नये. ही यादी मोठी लांबलचक आहे. आपण लक्षांत घ्यावें, हें सारें ख्रिस्ती माणसांविरुद्ध होतें. त्यांचा धर्म त्यांनीं लपवावा असें कोणी म्हणत नव्हतें. उलट तो सतत दाखवावा, पण राजाच्या भाषेंत आणि राजाच्या कपड्यांत दाखवावा, असा आग्रह होता. 'ख्रिस्तपुराणा'च्या पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. पण मूळच्या छापील प्रती काळाच्या उदरांत गडप झाल्या. तो वांचला तो हस्तलिखितांच्या आणि माणसांच्या मुखांच्या जोरावर. आणि १९०७ सालीं मंगळुरास सालदान्य यांनीं तीं हस्तलिखितें मिळवून तो पुन्हां छापला. मंगळुरास कां? तर गोव्यांतून जे ख्रिस्ती लोक कानड्याकडे निघून गेले, त्यांनीं आपल्या बोचक्यांत तें पुराणहि नेलें होतें.

जसे कांहीं दक्षिणेकडे कानड्यांत गेले, तसे कांहीं उत्तरेकडे तेरेखोल ओलांडून सावंतांच्या राज्यांत आले. कोणी इन्क्विझिशनला भिऊन आला, कोणी करांच्या ओझ्याखालीं वांकून, कोणी नुसत्या जमिनीच्या आशेनें. सिंधुदुर्गांतल्या बहुतेक कॅथोलिक घराण्यांचें मूळ असें पलीकडचें आहे. सावंतांचें आणि पोर्तुगीजांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें वैर. १७४६ सालीं तेरेखोलचा किल्लाच पोर्तुगीजांनीं सावंतांकडून हिसकून घेतला. तरी पोर्तुगीजांच्या धर्माचे हे लोक सावंतांच्या गांवांत शेतें करून राहिले, आणि त्यांच्या गडग्याबाहेर खुरीस उभे राहिले. आज आपण रस्त्यानें जातांना जे पाहतों ते हेच, किंवा यांच्याच जागीं पुन्हां बांधलेले.

इंग्रजी राज्यांत प्रश्नानें निराळें वळण घेतलें. आतां ख्रिस्ती म्हणजे साहेबाच्या धर्माचा असा लोकांचा समज झाला, आणि पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनींहि पाटलोण घालून तो दृढ केला. या समजावर पहिला मोठा घाव घातला तो कोंकणच्याच एका सुपुत्रानें. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यामुळें घरांत जो कल्लोळ उडाला, तो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें'मधून महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो मी पुन्हां सांगत बसत नाहीं. मला सांगावयाचें तें एवढेंच, कीं टिळकांनीं चर्चमध्यें अभंग आणला, कीर्तन आणलें, टाळ आणि मृदंग आणला. बाजाची पेटी आणि भाषांतरित पदें यांवर वाढलेल्या मंडळींना प्रथम तें चमत्कारिकच वाटलें असेल. आयुष्याच्या शेवटीं, १९१७ सालीं, मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' उघडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाहि होती. मिशनऱ्यांपैकीं कांहींना हें पसंत नव्हतें, आणि सनातनी हिंदूंना तर नव्हतेंच. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबारहि उठला. अभंग मात्र अजून गायिले जातात.

सारेच कांहीं गाऊन बोलत नाहींत. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. गोहीन यांनीं जें रुग्णालय चालविलें, त्यांतून बरा होऊन घरीं गेलेल्या माणसाला उपदेशाची कितपत गरज राहिली असेल? पण आजचा विषय तो नव्हे.

स्वातंत्र्य आलें आणि घटना लिहावयाची वेळ आली. १९४८ च्या डिसेंबरांत घटना समितीपुढें धर्मस्वातंत्र्याचें कलम आलें. आज तें पंचविसावें कलम म्हणून प्रसिद्ध आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति आणि आरोग्य यांस बाध न येईल अशा रीतीनें प्रत्येकाला आपला धर्म प्रगट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, असें त्यांत म्हटलें आहे. वाद पेटला तो एकाच शब्दावरून, आणि तो शब्द 'प्रसार' हा होय. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनीं त्याला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुनशी यांनीं तो राखण्याच्या बाजूनें बोलतांना सभासदांना आठवण करून दिली कीं हा शब्द अल्पसंख्याकांशीं झालेल्या तडजोडींतून आलेला आहे, आणि ख्रिस्ती मंडळींना तो आपल्या श्रद्धेचाच भाग वाटतो. मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी यांनीं स्वतःचा दाखला दिला: आपलें चौदा वर्षांचें शिक्षण ख्रिस्ती संस्थेंत झालें, पण आपल्याला ख्रिस्ती करण्याचा यत्न कोणी केला नाहीं. शब्द राहिला.

आमच्याकडे 'सेक्युलर' या शब्दाला पहिल्या दिवसांत 'निधर्मी' असा प्रतिशब्द रूढ झाला होता. मला तो कधींच रुचला नाहीं. निधर्मी म्हटलें कीं देव न मानणारा, चुलीवरचीं सारीं दैवतें विझवून बसलेला, असें कांहींसें चित्र डोळ्यांपुढें येतें. १९७६ च्या दुरुस्तीनें उद्देशिकेंत जो शब्द आला, त्यासाठीं मराठींत 'धर्मनिरपेक्ष' म्हणतात; तो पुष्कळच बरा. अशा राज्यानें धर्माची अपेक्षा धरूं नये, म्हणजे धर्माकडून कांहीं मागूं नये आणि त्याला कांहीं वतनहि देऊं नये. पाद्रुआदोचें ओझें वाहिलेल्या चर्चला या अर्थाची किंमत इतरांपेक्षां अधिक कळावी.

हक्काची हद्द मात्र न्यायालयांनीं हळूहळू आंखून घेतली. १९७७ सालीं स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं प्रसार म्हणजे आपल्या धर्माचीं तत्त्वें दुसऱ्याला सांगणें. दुसऱ्याला आपल्या धर्मांत ओढण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. या निर्णयाविषयीं कायदेपंडितांत अजून मतभेद आहेत, आणि ऐकणाऱ्याचें मन बोलणाऱ्याच्या बोलण्यानें पालटलें तर दोष कोणाचा, हें सांगणें सोपें नाहीं. मग २९ सप्टेंबर २००९ रोजीं त्याच न्यायालयानें सार्वजनिक रस्त्यांवर देऊळ, चर्च, मशीद वा गुरुद्वारा यांच्या नांवानें नवें अनधिकृत बांधकाम होऊं देऊं नये असा आदेश दिला, आणि जुन्या बांधकामांचा एकेक करून विचार करण्यास राज्यांना सांगितलें. मला हा आदेश योग्य वाटतो. रस्ता सर्वांचा आहे, आणि एका रात्रींत उगवलेलें देवस्थान भक्तिपेक्षां जागेच्या भावाशींच अधिक संबंध ठेवून असतें. पण त्या 'एकेक करून' या शब्दांत सारें मर्म आहे. आमच्या कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं खुरीस आधीं होता आणि रस्ता मागाहून आला. पायवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेची सडक झाली, आणि गडग्याच्या आंतला क्रूस आपोआप रस्त्यांत आला. मोजणीच्या नकाशांत हा फरक दिसत नाहीं. तो गांवांतल्या वृद्धांना विचारावा लागतो.

दगडाच्या क्रूसापेक्षां जिवंत माणसाचा प्रसंग अधिक बिकट. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तें त्र्याण्णवावें. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरु या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. वसईच्या हरित पट्ट्यासाठीं आणि गुंडगिरीविरुद्ध ज्यांनीं जन्मभर लढा दिला, 'सुवार्ता' मासिक ज्यांनीं चालविलें, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या लेखकाच्या निवडीचें वृत्त येतांच कांहीं संघटनांनीं विरोध सुरू केला. धमक्याहि आल्या. त्यांच्या लेखनाविषयीं कोणाचें दुमत असतें तर तें वाङ्मयीन मानलें असतें; आक्षेप त्यांच्या झग्याला होता. पाठीचें दुखणें सोसवत नसतांना फादर व्यासपीठावर आले आणि बोलले, आणि ते मराठींतच बोलले. २०२४ च्या जुलैंत ते वारले.

मला या प्रसंगीं राहून राहून बिशप महाले आठवले. गोव्याच्या आर्चबिशपांना महाल्यांची श्रद्धा मान्य होती, पण त्यांचें हिंदीपण सलत होतें. उस्मानाबादच्या विरोधकांना फादरांचें मराठीपण नाकारतां येईना, म्हणून त्यांची श्रद्धा सलूं लागली. दोघांनाहि एकाच देहांत या दोन गोष्टी नांदूं शकतात हें पटत नव्हतें.

माझ्यापुढच्या घड्याळाचा कांटा वेळ संपत आल्याची खूण करीत आहे. मालवणच्या रस्त्यावर परत येऊं. २००५ सालीं रोमनें सिंधुदुर्ग या नांवाचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला. त्याचें पीठ सावंतवाडीस आहे. बांदें आणि वेंगुर्लें त्यांतच येतात. बिशपाच्या नेमणुकीला कोणा राजाच्या मोहोरेची जरूर पडली नाहीं. आणि १९६३ सालीं व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें उपासनेंत लोकांच्या भाषेला मोकळीक दिल्यापासून येथील चर्चमध्यें मराठी आणि कोंकणी प्रार्थना चालतात.

उन्हाळ्याच्या दिवसांत, पाऊस पडण्यापूर्वीं, वाडीवाडींतून खुरिसापाशीं लादीन होते. खुरिसाला झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. कोणी एक जण फिडल घेऊन बसतो. पहिलें गाणें अजूनहि पुष्कळदां जुन्या लॅटिन चालीवरच निघतें, मग कोंकणी पदें येतात, आणि सांजेच्या वाऱ्यावर तो आवाज माडांतून पलीकडच्या देवळापर्यंत जातो. संपल्यावर उकडलेल्या चण्यांचे द्रोण वांटले जातात. ते घेण्यासाठीं रांगेंत सारी वाडी असते. कोण कोणत्या घरचा, हें चणे वांटणारा पाहत नाहीं.